बांध पाठीमागून फुटतो

(झीरिकझे, नेदरलँड्स येथील परिषदेतील स्वागताध्यक्षीय भाषण)

पेण-अलिबागच्या खारपट्ट्यातून आलेली शेतकरी मंडळी, गोव्याहून आलेले खाजन शेतीचे जाणकार, पुण्याचे अभियंते आणि युरोपात विखुरलेल्या माझ्या मराठी बंधू-भगिनींनो,

स्वागताध्यक्षाने यजमान गावाची थोरवी सांगावी, दोन-चार संत, एखादा किल्ला, एखादा साखर कारखाना मोजून दाखवावा आणि वेळेत खाली बसावं, अशी आपल्याकडची रीत आहे. झीरिकझेची थोरवी सांगायची तर बांधांचीच सांगावी लागेल. इथला स्खाउवेन-डाउव्हेलंड हा भाग पूर्वी बेट होता (नाव घेताना घसा खाकरावा लागतो, दोन दिवसांत सवय होईल). इथली पुष्कळ शेतं भरतीच्या पाण्यापेक्षा खालच्या पातळीवर आहेत. बांध आहे म्हणून गाव आहे, एवढा सरळ हिशेब.

ही परिषद इथे का भरवली, असं बऱ्याच जणांनी विचारलं. विमानाच्या तिकिटांचे भाव पाहून जरा रागानेच विचारलं. उत्तर समोरच्या समुद्रात आहे. उत्तर समुद्राची सरासरी खोली जेमतेम 90 मीटर, आणि आपल्या बाजूच्या दक्षिण टोकाला तर 30-40 मीटरच. खोल समुद्रावर वारा सुटला की वरचं पाणी पुढे ढकललं जातं, पण ते तळाकडून माघारी फिरू शकतं. उथळ समुद्रात माघारी फिरायला वाटच उरत नाही. पाणी किनाऱ्याशी साचत जातं. त्यात हा समुद्र दक्षिणेकडे निमुळता होत इंग्लिश खाडीच्या चिंचोळ्या तोंडाशी येतो. हवेचा दाब उतरल्यानेही पाणी फुगतं, पण एका मिलिबारला साधारण एक सेंटीमीटर, म्हणजे तो हिशेब किरकोळ. खरा मारेकरी वारा आणि त्याला साथ देणारा उथळ तळ. बंगालच्या उपसागराचं टोकही असंच उथळ आणि निमुळतं आहे. 1970 च्या नोव्हेंबरात भोला चक्रीवादळाने तिथे किमान तीन लाख माणसं नेली, त्यातली बहुतेक वाऱ्याने नव्हे, पाण्याने.

इथल्या महापुराची तारीख 31 जानेवारी 1953, शनिवार. पौर्णिमा होऊन दोन दिवस झाले होते. उधाण नेमकं कधी चढतं ते खारपट्ट्यातल्या मंडळींना मी सांगायला नको. उधाण तसं नेहमीचंच होतं. त्यावर वायव्येच्या वादळाने सुमारे तीन मीटर पाणी आणखी चढवलं. हे पाणी स्कॉटलंडच्या बाजूने इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्याला घासत खाली उतरलं आणि मग वळून इकडे आलं. वाटेत त्याला कित्येक तास लागले. संध्याकाळी सातच्या सुमारास लिंकनशरच्या किनाऱ्यावर माणसं बुडत होती, आणि मध्यरात्र उलटून गेल्यावर टेम्सच्या मुखाजवळच्या कॅनव्ही बेटावर लोक झोपेतच सापडले. वरच्या किनाऱ्याने खालच्या किनाऱ्याला कळवायचं, अशी व्यवस्थाच नव्हती. इंग्लंडमध्ये 307 माणसं गेली. इकडे नेदरलँड्समध्ये संध्याकाळी रेडिओवरून धोक्याच्या भरतीची सूचना दिली गेली आणि मध्यरात्री रेडिओ रोजच्याप्रमाणे बंद झाला. इशाऱ्याची तार मिळवायची सोय होती, पण वर्गणी भरणाऱ्यांसाठी, आणि बांध सांभाळणाऱ्या कित्येक लहान मंडळांनी ती वर्गणी भरलेलीच नव्हती. पहाटे तीननंतर बांध फुटू लागले. खारपट्ट्यात आपण म्हणतो तशा खांडी पडल्या, एक-दोन नव्हे, शेकड्यांनी.

आता जरा सावकाश बोलतो, कारण हीच गोष्ट दाखवायला आपल्याला इथवर आणलं आहे. बांध समुद्राच्या लाटांनी समोरून फोडले, अशी आपली सगळ्यांची समजूत असते. बहुतेक ठिकाणी तसं झालं नाही. समुद्राकडची बाजू दगडाने पक्की बांधलेली होती, तिने दम धरला. पाणी माथ्यावरून ओसंडून गावाकडच्या उतारावर पडू लागलं. तो उतार नुसता मातीचा, वर गवत, आणि जागा वाचवण्यासाठी नको तेवढा उभा ठेवलेला. माती भिजली, घसरली, माथा खचला आणि मग समुद्र आत आला. बांध पाठीमागून फुटला. उद्या बाहेर पडाल तेव्हा काही जुन्या बांधांच्या डोक्यावर काँक्रीटचा बुटका कठडा दिसेल. 1906 च्या पुरानंतर द मुराल्ट नावाच्या अभियंत्याने सुचवलेला तो उपाय. बांध रुंद न करता उंच करायचा, स्वस्तात. समुद्राकडून पाहिलं तर बांध उंच झालेला दिसायचा, पाठ मात्र होती तशीच राहायची. आपल्याकडचे तज्ज्ञ कठड्याचा फोटो काढतील. माझी विनंती आहे, वळसा घालून मागचा उतारही बघा.

रविवारी सकाळी पाणी ओसरलं तेव्हा जे वाचले होते ते छपरांवर, माळ्यांवर बसून होते. दुपारची भरती आली, आणि आता तिला अडवायला बांध नव्हते. पुष्कळ घरं त्या दुसऱ्या पाण्यात कोसळली. मदत पोचायला सोमवार उजाडला, काही गावांना त्याहून उशीर. या एका बेटावर पाचशेहून अधिक माणसं गेली, देशभरात 1836. इथल्याच आउवरकेर्क गावच्या पुराच्या संग्रहालयात हा आकडा 1835 अधिक 1 असा लिहितात. तो एक म्हणजे त्याच रात्री जन्मलेलं आणि त्याच रात्री गेलेलं बाळ.

एक बरी गोष्टही सांगतो. रॉटरडॅमजवळ न्यूवेरकेर्कला हॉलंडसे आयसेल नदीचा बांध खचू लागला. त्याच्या मागे दक्षिण हॉलंडचा सखल, दाट वस्तीचा मुलूख, काही लाखांचा संसार. तिथल्या महापौराने आरी एव्हेखुन नावाच्या नावाड्याला त्याची बोट खिंडारात घालायला सांगितलं. त्याने ती बांधाला आडवी लावून खिंडारात बसवली, आणि बांध तगला. आज तिथे त्याचं स्मारक आहे. माणसाचं धाडस थोरच, पण लाखो लोकांचा जीव एका बोटीवर येऊन ठेपावा, ही काही व्यवस्थेची शोभा नव्हे.

कारण माहिती नव्हती असं नाही. योहान व्हॅन व्हेन नावाचा सरकारी अभियंता दुसऱ्या महायुद्धाच्या आधीपासून बांध बुटके आहेत हे आकडेमोड करून सांगत होता. त्याचे अहवाल गोपनीय म्हणून बाजूला राहिले. खाडीमुखं बंद करण्याचा आराखडा तर पुराच्या काही दिवस आधीच तयार होता. त्याहून आधी, झायडरझे या आतल्या समुद्राला बांध घालायचा ठरला, तेव्हा भरतीचं आणि वादळाच्या पाण्याचं गणित करायला हेंड्रिक लॉरेन्ट्झ बसला होता, नोबेल मिळवलेला भौतिकशास्त्रज्ञ, आणि त्या कामात त्याने आयुष्याची आठ वर्षं घातली. या देशात गणिताची वानवा कधीच नव्हती. महायुद्धातून नुकत्याच उठलेल्या देशात बांधासाठी पैसा काढायची तयारी नव्हती, ही खरी गोष्ट.

पूर आल्यावर तीन आठवड्यांच्या आत डेल्टा आयोग बसला. डेव्हिड व्हॅन डान्ट्झिख या गणितज्ञाने बांध उंच करायचा खर्च एका पारड्यात आणि तो फुटला तर होणारं नुकसान दुसऱ्या पारड्यात घातलं. त्यातून मध्य हॉलंडच्या किनाऱ्यासाठी वर्षाला दहा हजारांत एक इतकीच जोखीम पत्करायची, असं ठरलं. माणसाच्या जिवाचा असा हिशेब मांडणं काहींना निर्दयी वाटतं. मला तो प्रामाणिक वाटतो. 'काळजीचं कारण नाही' म्हणणाऱ्या पत्रकापेक्षा कितीतरी प्रामाणिक.

पुढची कामं आपण चित्रांत पाहिली आहेत, म्हणून लांबवत नाही. ओस्टरस्खेल्डचा किस्सा मात्र ऐका. ही खाडी कायमची बुजवायची असंच आधी ठरलं होतं. यर्सकेचे शिंपले-कालवं काढणारे कोळी आणि निसर्गप्रेमी मंडळी अडून बसली, की भरती-ओहोटी थांबली तर खाडी मरेल. सरकारला माघार घ्यावी लागली, खर्च वाढला, आणि 1986 मध्ये 65 खांबांची नि 62 दारांची वेस उभी राहिली. एरवी ती उघडी असते. पाणी तीन मीटरवर जाणार असा अंदाज आला की बंद होते. रॉटरडॅमच्या वाटेवरची मासलांटची दोन दारं प्रत्येकी 210 मीटर लांब आहेत, आणि ती लावायची की नाही हे संगणक ठरवतो. डिसेंबर 2023 मध्ये त्याने ती लावायचं ठरवलंही.

पण मित्रहो, ही दारं घेऊन परत जाऊ नका. ती आपल्या उपयोगाची नाहीत. घेण्यासारखी आहे ती इथली पाणी-मंडळं. तेराव्या शतकापासूनची ही संस्था, आज देशात 21 मंडळं, त्यांच्या वेगळ्या निवडणुका, वेगळा कर. माझ्या घरीही दरवर्षी त्याचं बिल येतं, आणि मी कुरकुरत भरतो. जुना कायदा तर फार कडक होता. आपल्या वाटणीचा बांध राखणं ज्याला झेपत नसे, त्याने बांधात फावडं रोवायचं आणि घरदार सोडून निघून जायचं. ते फावडं जो उपटेल, जमीन त्याची, आणि बांधही त्याच्याच गळ्यात. आजही ऑक्टोबर ते एप्रिलच्या मध्यापर्यंत, म्हणजे वादळांच्या दिवसांत, समुद्राच्या बांधावर खोदकामाला मनाई असते.

आपल्याकडे हे नव्हतं असं नाही. पेणच्या शिलोत्र्यांनी खाडीकाठचे बांध पिढ्यान्पिढ्या राखले. गोव्यात गावकारीने, म्हणजे गावच्या सामाईक संस्थेने, बांद राखले, आणि मानशीची, म्हणजे बांधातल्या झडपांची, दारं भरतीला आपोआप मिटत नि ओहोटीला उघडत. मग काही बांध सरकारच्या योजनेत गेले, काही कुळांच्या संघटनांकडे, आणि बरेचसे कुणाकडेच नाहीत. उधाणात खांड पडते, भाताच्या खाचरात खारं पाणी शिरतं, दोन-तीन पावसाळे पीक नाही, आणि अर्ज एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत फिरत राहतो. मुंबईसमोरचा समुद्रतळही शेकडो किलोमीटर उथळ आहे, आणि 2020 च्या 'निसर्ग' वादळाने श्रीवर्धनकडच्या सुपारीच्या बागा कशा आडव्या केल्या ते आपल्यापैकी काहींनी डोळ्यांनी पाहिलंय. तेव्हा दुपारच्या सत्रात बांधाच्या उंचीवर जरूर बोला, पण ओहोटीच्या वेळी कुदळ घेऊन त्यावर जायचं कुणी, आणि त्याची मजुरी कुणी द्यायची, यावर ठराव केल्याशिवाय उठायचं नाही, एवढं स्वागताध्यक्ष म्हणून माझं मागणं आहे.

आता काही सूचना. उद्या सकाळी नऊला बस आउवरकेर्कला निघेल. शेवटचं खिंडार तिथेच 1953 च्या नोव्हेंबरात प्रचंड काँक्रीटच्या पेट्या बसवून बुजवलं होतं, आणि संग्रहालय त्याच पेट्यांमध्ये आहे. कानटोपी आणि जाड जाकीट प्रत्येकाने घ्यावं, इथे छत्री टिकत नाही. जेवणाला पिठलं-भाकरी आहे, आणि कालवं खाणाऱ्यांची पंगत वेगळी. उद्घाटकांनी आता दीपप्रज्वलन करावं, अशी विनंती करतो.