ताणावरची फुले

भेट म्हणून मिळालेले झाड विकत आणलेल्या झाडापेक्षा अधिक लाडाने वाढविले जाते. आणि कित्येकदा त्या लाडानेच ते वाया जाते. बोगनवेलीच्या बाबतीत हा अनुभव अनेक बागवानांना आलेला असतो. ऐन उन्हाळ्यात एखाद्या आप्ताच्या कुंपणावर पानागणिक रंग उधळणारी वेल पाहावयाची, तिची फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून शेकडो मैल न्यावयाची, रुजल्यावर सकाळसंध्याकाळ पाणी घालावयाचे. वेल छपरापर्यंत चढते, पाने तुकतुकीत होतात, काटे बोटभर लांब येतात. फूल मात्र एकही दिसत नाही. मग देणाऱ्याच्या मनाविषयी शंका येऊ लागते.

ही वेल मूळची दक्षिण अमेरिकेची. १७६७ साली कोमेर्सोन या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने ती ब्राझीलमध्ये रिओ द जानेरो येथे पाहिली आणि आपल्या सफरीचा नायक बूगँव्हील याचे नाव तिला मिळाले. मराठी माणसाने त्या नावाच्या शेपटातील ‘व्हील’ची ‘वेल’ करून टाकली, व परदेशी दर्यावर्दी कायमचा घरचा झाला. आपण जिला फुले म्हणतो ती वस्तुतः रंगीत सहपत्रे होत. खरे फूल त्यांच्या मध्ये बारीक नळीसारखे, पांढरट असते.

बागेत लावल्या जाणाऱ्या तिच्या कित्येक उत्तम जाती बी धरीतच नाहीत. त्यामुळे त्यांचा प्रसार फांद्या, गुटी किंवा डोळे यांवाचून होत नाही. एकाच वेलीवर पांढरी व जांभळी अशी दोन्ही सहपत्रे धारण करणारी ‘मेरी पामर’ ही जात कलकत्त्याच्या अॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या बागेत निपजली. १८२० साली विल्यम कॅरी यांनी स्थापिलेली हीच ती संस्था. मग दिल्ली, नागपूर, बंगळूर येथील अंगणांत जी ‘मेरी पामर’ दिसते ती त्या मूळ वेलीची संतती नव्हे. ती वेलच होय, हातोहात पसरलेली. झाड तेच, तरी वागणूक निराळी. कुठेही गेले तरी पळसाला पाने तीनच असतील; बोगनवेलीला तो न्याय लागू नाही.

याचे कारण पाण्यात आहे. बोगनवेलीचा काटा आणि तिच्या फुलोऱ्याचा देठ ही दोन्ही पानाच्या बगलेतून निघणाऱ्या एकाच अंकुराची रूपे आहेत. खत, पाणी आणि सावली यांची चंगळ असली की वेल वाढीच्या नादी लागते व तो अंकुर काटा होऊन बसतो. भरपूर ऊन असून मुळांना थोडी कोरड सोसावी लागली की वाढ थबकते, पानांत तयार झालेले अन्न साठून राहते आणि त्याच अंकुराचा फुलोरा होतो. कोलकात्यात वर्षाला १५० सेंटिमीटरांहून अधिक पाऊस; तेथल्या बागवानाला कोरडा हिवाळा साधावा लागतो आणि बुडाशी पाणी तुंबणार नाही याची चिंता वाहावी लागते. जोधपुरात ४० सेंटिमीटरसुद्धा पडत नाही. तेथे कोरड आयतीच मिळते, जपावे लागते ते नव्या रोपाला. चेन्नईचा मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या महिन्यांतला. तेव्हा ‘दिवाळीनंतर पाणी तोडा’ हा पुण्याचा सल्ला फांदीबरोबर तेथे पाठविण्यात अर्थ नाही.

महाराष्ट्राला ही विद्या नवी नाही. विदर्भातील संत्र्याचा बागाईतदार तिला ‘ताण देणे’ म्हणतो. झाडाचे पाणी ठरावीक काळ तोडावयाचे, पाने मलूल होऊ द्यावयाची, आणि मग पाणी व खत देऊन बहार फोडावयाचा. हलक्या जमिनीत हा ताण लवकर बसतो, काळ्या भारी जमिनीत उशिरा. विहिरीला उन्हाळाभर पाणी असेल तो आंबे बहार धरतो. नसेल तो मृगाच्या पावसावर भरवसा ठेवतो. परसातल्या मोगऱ्याची पाने ओरबाडून त्याला तहानेला ठेवणाऱ्या आजीबाईही याच शास्त्राच्या जाणकार.

तथापि ताण आणि दुष्काळ यांत एक भेद आहे, आणि तो झाडाला कळत नसला तरी माणसाला कळतो. ताण देणाऱ्याच्या विहिरीत पाणी असते. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. मार्च २०२४ मध्ये बंगळूरच्या पाणीपुरवठा मंडळाने पिण्याचे पाणी बागेला घालण्यास मनाई केली आणि त्यासाठी ५,००० रुपये दंड ठेवला. बागांचे नगर म्हणून मिरविणाऱ्या शहरावर ही पाळी आली! अशा वेळी कुंडीतल्या झाडाला तांब्याभर पाणी घालतानाही हात आखडतो, आणि तो आखडावा हे योग्यच.

त्यातून वाट काढावी लागते. भाजी व तांदूळ धुतलेले पाणी साठविणे, बुडाशी पालापाचोळ्याचा जाड थर देणे, कुंड्या पश्चिमेच्या उन्हातून हलवून एकमेकींना चिकटून ठेवणे हे उपाय बहुतेकांना ठाऊक असतात. मोठ्या झाडाजवळ मातीचा घडा गळ्यापर्यंत पुरून भरून ठेवला, तर मुळे हवे तेवढेच पाणी ओढून घेतात. एवढे करूनही सर्व झाडे वाचत नाहीत. कोणती राखावयाची आणि कोणती जाऊ द्यावयाची हे ठरविताना बागवानाला सर्वांत जड जाते ते एखादे दुर्मीळ झाड. कारण ते आपल्याकडे मेले तर कदाचित सबंध गावातूनच जाईल.

मागील पावसाळ्यात त्याने कोणा शेजाऱ्याला किंवा परगावच्या स्नेह्याला फांदी दिली असेल, तर गोष्ट वेगळी. पेन्सिलीएवढी जाड, तीनचार डोळ्यांची काडी. खालची पाने काढलेली, खालचा छेद तिरपा. ती सहासात आठवड्यांत दुसऱ्याच्या अंगणात रुजलेली असते. दुष्काळ ओसरल्यावर तिचीच फांदी मूळ घरी परत येते. जाणता देणारा काडीबरोबर एक चिठ्ठीही पाठवितो. तिच्यावर महिन्यांची नावे नसतात. ‘पहिले वर्षभर जपा. मग वरची बोटभर माती कोरडी झाल्याखेरीज पाणी नको,’ एवढेच लिहिलेले असते.