शिरोडकरांचा टाका

घरात पाळणा बांधण्याची आशा धरावी आणि चौथ्या-पाचव्या महिन्यात, फारशा कळाही न येता, सारे संपून जावे. एकदा नव्हे, दोनदा, तीनदा. अशा स्त्रीचे दुःख समाजाने क्वचितच समजून घेतले. कोणी तिच्या नशिबाला बोल लावला, कोणी जिना चढण्याला, कोणी बाहेरच्या बाधेला. दोष अखेर तिच्याच पदरी पडला.

या दुःखावर ज्यांच्या नावाचा इलाज आज जगभर चालतो, ते डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर मूळचे गोव्याचे. १८९९ साली शिरोडा गावी त्यांचा जन्म झाला. प्रसूती व स्त्रीरोगशास्त्रात ते १९२७ साली मुंबईस एम. डी. झाले आणि १९३१ साली इंग्लंडात एफ. आर. सी. एस. पुढे मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांनी अध्यापन केले.

गर्भाशयाचे तोंड बटव्याच्या तोंडासारखे दिवस भरेपर्यंत मिटलेले राहावे लागते. काही स्त्रियांत ते दुबळे असते. गर्भाचा भार वाढला की नकळत उघडते. मूल निकोप असूनही हाती लागत नाही. येथे नुसती विश्रांती पुरत नाही, हे ओळखून डॉ. शिरोडकरांनी गर्भ पोटात असतानाच करावयाची शस्त्रक्रिया १९५५ साली प्रसिद्ध केली. रुग्णेच्याच मांडीतील स्नायूंवरच्या चिवट पडद्याची पट्टी काढून ती गर्भाशयाच्या मुखाभोवती, आवरणाखालून फिरवावयाची आणि बटव्याची दोरी आवळावी तसे ते तोंड आवळावयाचे. पुढे पट्टीची जागा कृत्रिम धाग्याच्या फितीने घेतली. १९५७ साली मेलबर्नच्या मॅकडोनल्ड यांनी याच तत्त्वावर अधिक सोपा टाका सुचविला. १९७१ साली डॉ. शिरोडकर निवर्तले, टाका मात्र त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

हा टाका सर्वांसाठी नव्हे. पहिल्या तीन महिन्यांतील गर्भपात बहुधा गर्भाच्या गुणसूत्रांतील दोषामुळे होतात. तेथे टाक्याचा उपयोग नाही. आज सोनोग्राफीने गर्भाशयमुखाची लांबी मोजता येते; काहींना प्रोजेस्टेरॉनचे औषध पुरते, तर निवडक स्त्रियांनाच टाका घालतात.

यंत्रे आली, तरी निदानाचा आरंभ अजूनही त्या स्त्रीच्या सांगण्यातूनच होतो. कितवा महिना होता? कळा आल्या होत्या का? पाणी आधी गेले की रक्त? चार माणसांत ज्या गोष्टी ती बोलू शकत नाही, त्याच गोष्टी वैद्याला वाट दाखवितात. म्हणून प्रसूतिशास्त्रज्ञाच्या अंगी कुशल हाताइतकाच धीराचा कान असावा लागतो. आणि घरच्यांनी तिला बोल लावण्यापूर्वी, तिचे म्हणणे ऐकणाऱ्या डॉक्टरांपर्यंत पोहोचवावे लागते. दोष नशिबात नसून मिटून न राहणाऱ्या एका मुखात आहे, एवढे कळले तरी त्या माउलीच्या मनावरचा अर्धा भार उतरतो.