चुकीचे पर्याय कोणी काढायचे?

दिवसाची नोकरी आटोपून रात्री पुन्हा फळ्यासमोर उभे राहणाऱ्या शिक्षक मित्रांनो,

प्रौढशिक्षणात सर्जनशीलता म्हटले की आपल्याकडे पथनाट्य, साक्षरतेची गाणी, रंगीत तक्ते आणि फार तर एखादी रांगोळी डोळ्यांपुढे येते. हे सगळे जरूर असावे, त्याने माणसे वर्गापर्यंत येतात. पण परीक्षा तोंडावर आली की ते गुंडाळून ठेवले जाते आणि गाइड, अपेक्षित प्रश्नसंच, ‘आयएमपी’ची यादी बाहेर निघते. सर्जनशीलता उद्घाटनापुरती आणि तयारी म्हणजे घोकंपट्टी, अशी वाटणी आपण मुकाट्याने करून टाकली आहे. ती परीक्षेच्या हिशेबानेच तोट्याची आहे, असे माझे म्हणणे आहे. तयारीतले सर्वांत कल्पक काम म्हणजे प्रश्न काढणे, आणि नेमके तेच आपण विद्यार्थ्याच्या हातून काढून गाइड छापणाऱ्यांना देऊन टाकले आहे.

दहावीच्या बीजगणितातले अर्थनियोजनाचे प्रकरण घ्या. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षेला बसणारा, हार्डवेअरच्या दुकानात कामाला असलेला विद्यार्थी रोज बिले हाताळतो. करासह ११८० रुपयांचे बिल, जीएसटी १८ टक्के. तर कर किती? उत्तर १८०. हे उदाहरण चारदा सोडवून घेतले तर रीत पाठ होईल. त्याऐवजी त्याला सांगा की या प्रश्नाचे चार पर्याय तूच दे, आणि चुकीचे तीन असे दे की शेजारचा फसला पाहिजे. आता माणूस कुठे घसरतो हे त्याला शोधावे लागते. घाईतला माणूस ११८० चेच १८ टक्के काढून २१२.४० लिहील. केंद्राचा कर धरून राज्याचा विसरणारा ९० वर थांबेल. करपात्र मूल्यालाच कर समजणारा १००० वर खूण करील. हे तीन आकडे ज्याने स्वतः हुडकून काढले, त्याला बिलाची रक्कम आणि करपात्र मूल्य यांतला फरक वेगळा समजावावा लागत नाही. शिवाय या चुकांची ओळख त्याला गल्ल्यावरच झालेली असते. पंधरा वर्षांच्या मुलाकडे हे भांडवल कुठून असणार?

हे केवळ माझे मत नाही. मानसशास्त्रज्ञ स्लामेका आणि ग्राफ यांनी १९७८ साली दाखवून दिले की नुसत्या वाचलेल्या शब्दांपेक्षा स्वतः तयार केलेले शब्द अधिक लक्षात राहतात. रोडिगर आणि कार्पिकी यांचा २००६ चा प्रयोग तर प्रत्येक रात्रशाळेच्या शिक्षकखोलीत लावून ठेवावा असा आहे. एक उतारा काहींनी दोनदा वाचला. काहींनी एकदा वाचून मग आठवून लिहिला. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने पारडे फिरले: आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के आठवले, पुन्हा वाचणाऱ्यांना ४२. घोकंपट्टी का फसवते ते इथे कळते. ती त्या रात्री खरोखरच चांगली वाटते. आणि गल्ल्यावरचे ज्ञान वहीवर आपोआप उतरत नाही, हेही दिसून आले आहे. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर माल विकणाऱ्या मुलांचा अभ्यास १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. गिऱ्हाइकापुढे ९८ टक्के हिशेब बिनचूक करणारी हीच मुले कागदावरच्या नुसत्या आकडेमोडीत ३७ टक्क्यांवर आली. मुले पाचच होती, त्यामुळे आकड्याला फार ताणू नये. पण आपल्या भाजीवाल्या विद्यार्थिनीचे वहीपुढे काय होते, हे ज्याने पाहिले आहे त्याला त्यात नवल वाटणार नाही.

यावर पहिला आक्षेप वेळेचा येईल, आणि तो खरा आहे. दिवसभर राबून आलेल्या माणसाकडे दोन-अडीच तास असतात, त्यातही डोळे मिटत असतात. पण म्हणूनच तर आठवड्यात पुसले जाणारे काम त्याच्याकडून करून घेणे महागात पडते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: चुकीचे पर्याय घडवता घडवता चूकच डोक्यात बसली तर? तसे होऊ शकते. बहुपर्यायी चाचण्यांतले चुकीचे पर्याय पुढे बरोबर म्हणून आठवतात, असे संशोधनातही आढळले आहे. बरोबर उत्तर लगेच सांगितल्यास हा धोका बराच कमी होतो, हेही आढळले आहे. म्हणून प्रत्येक चुकीच्या पर्यायाशेजारी तो का चुकीचा, याची एक ओळ त्याच बैठकीत लिहून घ्यावी. ही ओळ नसेल तर मी हा उपक्रम करूच नका म्हणेन. तिसरे म्हणणे असे की कच्च्या विद्यार्थ्याला आधी सोडवलेले उदाहरण लागते. मान्य. रीतच माहीत नसेल तर प्रश्न कशाचा काढणार? आधी दोन उदाहरणे फळ्यावर पूर्ण सोडवा, प्रश्न मग मागा. आणि भाषेच्या पेपरचे म्हणाल, तर दहावीच्या मराठीत ८० पैकी २४ गुण उपयोजित लेखनाला आहेत. गाइडमधले पत्र जसेच्या तसे उतरवणाऱ्याची गाडी विषय जरा बदलला की अडते.

उल्लास नवभारत साक्षरता कार्यक्रमातल्या नवसाक्षरांचे काय, असा प्रश्न उरतो. त्यांची चाचणी १५० गुणांची. वाचन, लेखन आणि संख्याज्ञान प्रत्येकी ५०, आणि प्रत्येक भागात ३३ टक्के हवेत. तेवढ्यासाठी एवढा खटाटोप कशाला, असे एखादा स्वयंसेवक म्हणेल. पण १९५९ मध्ये साताऱ्यातून निघालेल्या ग्रामशिक्षण मोहिमेचा अनुभव आपल्यापाशी आहे. गावे समारंभाने साक्षर झाली, आणि वापर थांबला तिथे अक्षरे पुसली गेली. जी बाई घरच्या वीजबिलावरून ‘गेल्या महिन्यापेक्षा किती युनिट जास्त जळले?’ असा प्रश्न स्वतः तयार करून शेजारणीला घालते, तिला बिल वाचायला परीक्षेनंतरही कारण राहते. एसटीचे तिकीट, रेशनचा हिशेब, बचतगटाचे पासबुक, सगळेच प्रश्नपत्रिकेचे साहित्य आहे.

या अधिवेशनाकडून ठरावापेक्षा कामाची अपेक्षा आहे. प्रत्येक केंद्राने आठवड्यातला एक तास विद्यार्थ्यांच्या प्रश्नांना द्यावा, आणि महिनाअखेरीस आपला संच शेजारच्या केंद्राला सोडवायला द्यावा. दुसऱ्या गावात कोणीतरी आपल्या प्रश्नावर अडकणार आहे, हे कळल्यावर विद्यार्थी तो दोनदा तपासतो. सुरुवात आपल्यापासूनच करू. दुपारच्या सत्रात गटागटाने एकेक प्रश्न तयार करायचा आहे, चुकीच्या पर्यायांच्या कारणांसह. आणि गाइड मात्र पिशवीतच ठेवायचे आहे.