किण्वपेशींची सोयरीक



पावाचे पीठ फुगविणाऱ्या यीस्टला संस्कृतात ‘किण्व’ असे नाव आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुरेच्या प्रकरणी हा शब्द येतो. हे किण्व म्हणजे एकपेशीय कवक. त्याला पाय नाहीत, शेपटी नाही; डोळे आणि कान यांची तर गोष्टच नको. जेथे पडले तेथेच त्याचे आयुष्य सरते. असे असूनही शेजारी अनुरूप जोडीदार असला, तर किण्वपेशीला तो कळतो आणि नेमक्या त्याच दिशेने ती वाढू लागते. हे तिला कळते कसे, या प्रश्नाचा पाठपुरावा करताना शास्त्रज्ञ मानवी देहाच्या एका मोठ्या रहस्यापर्यंत जाऊन पोहोचले.

किण्वपेशींत नर-मादी असा भेद नाही. ‘ए’ आणि ‘अल्फा’ अशी दोन कुळे आहेत, आणि सोयरीक जुळते ती भिन्न कुळांतच. हा भेद कार्ल लिंडेग्रेन यांनी 1943 साली दाखवून दिला. प्रत्येक कुळाची पेशी आपल्या अस्तित्वाची वार्ता एका रसायनाच्या द्वारे भोवती पसरवीत असते. अल्फा-पेशीचा संदेश म्हणजे तेरा अमिनो आम्लांची एक चिमुकली साखळी. ए-पेशीच्या संदेशात बारा अमिनो आम्ले असून त्याला एक स्निग्ध शेपूटही जोडलेले असते. अशा संदेशद्रव्यांना ‘फेरोमोन’ ही संज्ञा 1959 मध्ये मिळाली. त्याच वर्षी रेशमाच्या पतंगाच्या मादीचे गंधद्रव्य बुटेनांट यांनी ओळखले होते.

पण संदेश धाडला म्हणजे तो पोहोचला असे नव्हे. तो झेलणारे कोणी हवे. पेशीच्या पटलात रुतून बसलेली काही प्रथिने हे काम करतात. त्यांना मराठीत ‘ग्राही’ म्हणावे. ‘ग्राहक’ हा शब्द बाजाराने केव्हाच उचलून नेला आहे! ए-पेशीच्या अंगावर अल्फाचा संदेश ओळखणारा ग्राही असतो, त्याचे नाव एस्टीई-2. अल्फा-पेशीच्या अंगावर एस्टीई-3. या नावांमागे एक कथा आहे. 1970 च्या दशकात मॅके आणि मॅनी यांनी, तसेच लेलँड हार्टवेल यांनी, संयोग करू न शकणाऱ्या किण्वपेशी वेचून काढल्या. इंग्रजीत वंध्याला ‘स्टराइल’ म्हणतात; त्याची आद्याक्षरे या जनुकांना चिकटली. जे बिघडल्याने वंध्यत्व येते तेच संयोगाला आवश्यक असणार, असा हा सरळ तर्क होता. पेशीविभाजनावरील कार्याबद्दल हार्टवेल यांना पुढे 2001 मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

1985 साली एस्टीई-2 ची संपूर्ण रचना वाचली गेली. 431 अमिनो आम्लांची ही साखळी पेशीपटलातून सात वेळा आरपार जाते, जसा शिवणाऱ्याचा धागा कापडातून आतबाहेर व्हावा. सात वेढ्यांची ही मांडणी अभ्यासकांनी आधीच पाहिली होती, ती डोळ्यातील प्रकाश टिपणाऱ्या ऱ्होडॉप्सिन या प्रथिनात. पुढच्याच वर्षी, 1986 मध्ये, ॲड्रिनॅलिन ओळखणाऱ्या ग्राहीचीही रचना तशीच निघाली. अमिनो आम्लांच्या क्रमात या प्रथिनांचे फारसे साम्य नाही. घराचा आराखडा मात्र एकच. 1990 मध्ये तर मानवी ॲड्रिनॅलिन-ग्राही किण्वपेशीत बसविण्यात आला आणि योग्य औषधद्रव्य देताच ती पेशी संयोगाची तयारी करू लागली! आज वापरात असलेल्या औषधांचा मोठा हिस्सा याच कुळातील ग्राहींवर काम करतो. या ग्राहींच्या अभ्यासाबद्दल लेफ्कोविट्झ आणि कोबिल्का यांना 2012 चे नोबेल पारितोषिक लाभले.

संदेश ग्राहीला चिकटला की त्याचा आकार किंचित बदलतो. आतील बाजूस तीन घटकांचे एक प्रथिन टेकून बसलेले असते. ते दुभंगते आणि त्याचे सुटे झालेले दोन घटक निरोप पुढे नेतात. एका प्रथिनाने दुसऱ्याला जागे करावे, दुसऱ्याने तिसऱ्याला, असे करीत निरोप केंद्रकापर्यंत जातो. परिणाम गंभीर असतो. पेशी आपले विभाजन थांबवते. ज्या जीवाचे सारे यश भराभर दुप्पट होण्यात, त्याने वाढ रोखून धरणे हा केवढा जुगार! जोडीदार लाभला नाही, तर तेवढा वेळ वाया गेला. म्हणून ए-पेशी एक विकरही सोडते, ते अल्फाचा संदेश कापून टाकते. जुना, शिळा निरोप भोवती रेंगाळत नाही, जोडीदाराची दिशा स्पष्ट कळते आणि निराश झालेल्या पेशीला पूर्ववत विभाजनाकडे वळता येते. दिशा कळली की पेशी त्या बाजूने निमुळती वाढते. या आकाराला प्रयोगशाळेत ‘श्मू’ म्हणतात. हे नाव अल कॅप यांच्या अमेरिकन व्यंगचित्रमालिकेतील एका प्राण्यावरून आले आहे. दोन टोके भेटली, पेशी एकरूप झाल्या, की दोन्ही ग्राहींची निर्मिती बंद पडते.

सगोत्र विवाहाचा निषेध मात्र येथे नाही. रानटी किण्वाची मातृपेशी एकदा अंकुरली की आपले कुळच बदलून टाकते आणि स्वतःच्या कन्येशी संयोग करते. धर्मशास्त्रकारांनी येथे हातच टेकले असते.

पावसाळ्यात वाळक्या लाकडांवर पांढुरक्या पंख्यांसारखे उगवणारे शिझोफायलम हे अळिंब याहून विलक्षण. त्याची कुळे तेवीस हजारांहून अधिक आहेत. त्याचे धागे कोणाशीही आधी जुळतात. जोडी योग्य आहे की नाही, याची तपासणी ग्राही नंतर करतात. होकार मिळाला तरच केंद्रके परक्या धाग्यांतून प्रवास करू शकतात.

बेळगाव-कोल्हापूरकडच्या ऊसकऱ्याला या विषयाची झळ प्रत्यक्ष बसते. उसाच्या शेंड्यातून काळा चाबूक बाहेर पडला की काणी आली, हे तो ओळखतो. या काणीच्या एकेकट्या पेशी निरुपद्रवी असतात. भिन्न कुळांच्या दोन पेशींचा संयोग झाला तरच उसाला ग्रासणारा तंतू निर्माण होतो. आणि हा संयोगही फेरोमोन व ग्राही यांवरच अवलंबून असतो. मक्याच्या काणीतील ही जनुके 1992 मध्येच ओळखली गेली. ग्राहीचे कुलूप अडवून रोग रोखता येईल काय, हा प्रश्न त्यातूनच उभा राहिला. 2021 मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी एस्टीई-2 चे त्रिमितीय चित्र प्रसिद्ध केले, तेव्हा हे ग्राही जोडीजोडीने बसतात असे दिसले. कुलपाचा आकार आता पुष्कळसा कळला आहे. किल्ली घडेपर्यंत शेतकऱ्याने बेण्याला उष्णजलप्रक्रिया करावी, आणि काळा चाबूक पिशवीत झाकूनच कापावा, म्हणजे त्यावरील बीजाणू शेतात उधळणार नाहीत.