प्रवेश मिळाला, खोली मिळाली का?

स्नातक मित्रांनो,

तुमच्यापैकी काही जण लवकरच परदेशी शिकायला निघाल. व्हिसा, शैक्षणिक कर्ज, शिफारसपत्रं यांची धावपळ घरी सुरू असेल. त्याबद्दल सांगणारे पुष्कळ आहेत. मला बोलायचं आहे ते शिकायला गेलेल्या माणसाच्या राहण्याबद्दल. विद्यापीठं आंतरराष्ट्रीय करण्याच्या चर्चेत हा विषय अगदी शेवटी निघतो, आणि मला त्याची फार खंत वाटते.

१९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथल्या वसतिगृहात त्यांना जागा मिळाली, नवल भथेनांसारखा जन्माचा मित्र मिळाला. १९१५ मध्ये एम.ए., पुढच्या वर्षी लंडन. शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून तिथलं शिक्षण अर्धवट टाकून १९१७ मध्ये ते परतले आणि ठरल्याप्रमाणे बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. पण बडोद्यात त्यांना राहायला कोणी जागा देईना. पारशी नाव लावून ते एका पारशी पथिकाश्रमात उतरले. जात कळली, आणि लाठ्या घेतलेली माणसं दारात उभी राहिली. त्यांना बाहेर पडावं लागलं. ज्या संस्थानाने त्यांच्या शिक्षणावर खर्च केला, त्याच्याच राजधानीत त्यांना एक खोली मिळाली नाही! पुढे स्वतःची बचत, शाहू महाराजांची मदत आणि भथेनांकडून घेतलेलं कर्ज यांवर ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले. १९२३ मध्ये डी.एस्सी. झाले. बडोद्याचा प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे. निघण्यापूर्वी तो जरूर वाचा.

पुण्यालाही हा प्रश्न नवा नाही. डॉ. शां. ब. मुजुमदार यांनी १९७१ मध्ये सिंबायोसिस सुरू केली, ती परदेशी विद्यार्थ्यांची आबाळ पाहून. वसतिगृहात काविळीने आजारी पडलेल्या मॉरिशसच्या एका विद्यार्थ्याची अवस्था त्यांच्या मनाला लागली होती. म्हणजे या शहरातल्या एका मोठ्या शिक्षणसंस्थेचं मूळ परक्या मुलाच्या आजारपणात आहे.

२०२० चं शैक्षणिक धोरण परदेशी विद्यार्थ्यांनी भारतात यावं असं म्हणतं. २०२३ पासून परदेशी विद्यापीठांना इथे शाखा उघडण्याची वाटही मोकळी झाली. हे चांगलंच आहे. पण आफ्रिकेतून आलेला मुलगा भाड्याची जागा बघायला येतो, तेव्हा त्याचा रंग पाहून ‘जागा गेली’ असं सांगणारा घरमालक विद्यापीठांमधल्या कोणत्याही करारापेक्षा जास्त बोलून जातो.

आज पदवी घेणाऱ्यांत परदेशातून आलेलेही आहेत. तुम्ही इथे कसे राहिलात ते विद्यापीठाला लिहून कळवा, कटू असलं तरी. पालकहो, ज्यांच्याकडे भाड्याने द्यायची जागा आहे त्यांनी येत्या जूनमध्ये एखाद्या परदेशी विद्यार्थ्याला ती द्यावी. तुमची मुलंही तिकडे कुणाच्या तरी घरी राहणार आहेत. आणि कुलगुरू महोदय, परदेशी विद्यार्थ्याला प्रवेशाचं पत्र पाठवाल, तेव्हा त्याच पाकिटात त्याच्या खोलीचा पत्ताही असू द्या.