डी.पी.खालची सभा

(बजाजनगर, वाळूज येथील जिल्हा बैठकीत केलेले भाषण)



जिल्ह्याची बैठक कंपन्यांच्या वसाहतीत कशाला, असे काही जणांनी विचारले. वाळूजला १९८५ साली बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला, त्याच्यामागे बाकीचे आले आणि बजाजनगर वाढत गेले. इथल्या खोल्यांत राहते कोण? गंगापूरची, वैजापूरची, पैठणची, कन्नडची कोरडवाहू घरातली पोरे. बापाची कपाशी गावात, लेकाची पाळी कंपनीत. रात्री दोन वाजता लाईन आली म्हणून बाप बॅटरी घेऊन विहिरीवर निघतो, त्याच वेळी लेक तिसऱ्या पाळीत मशीनवर उभा असतो. घर एकच, पण वीज दोन तऱ्हेची.

ही दोन घरे विजेच्या हिशोबातही एकमेकांना बांधलेली आहेत. कारखान्याला युनिटमागे जो दर पडतो तो शेतीच्या दरापेक्षा कितीतरी जास्त आहे. कारखान्याकडून जास्त घ्यायचे, वर सरकारने अनुदान टाकायचे आणि शेतीचा दर खाली ठेवायचा, अशी ही रचना आहे. ही गोष्ट ध्यानात ठेवा. थोड्या वेळाने ती लागणार आहे.

आज मला विजेच्या सहकारी संस्थेविषयी बोलायचे आहे. साखरेचा सहकार आपण पाहिला, दुधाचा पाहिला, सूतगिरणीचा पाहिला. विजेचाही सहकार होता. तो लांब नव्हता, गोदावरी ओलांडली की पलीकडे होता.

नदीपलीकडची संस्था

तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात श्रीरामपूरला मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्था होती. १९६९ साली देशात ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ निघाले. त्याच सुमारास अमेरिकेच्या मदतीने देशात पाच ठिकाणी शेतकऱ्यांच्या वीज संस्था काढून पाहायचे ठरले. आंध्रात सिरसिल्ला, कर्नाटकात हुक्केरी, गुजरातेत कोडिनार, उत्तर प्रदेशात लखनऊ आणि महाराष्ट्रात मुळा-प्रवरा.

कल्पना सरळ होती. वीज मंडळाकडून घाऊक वीज घ्यायची, खांब-तारा-डी.पी. आपले उभारायचे, वायरमन आपला नेमायचा, बिल आपणच करायचे. ग्राहक तोच सभासद, सभासद तोच मालक. श्रीरामपूर, राहुरी, राहाता, नेवासा, संगमनेर या भागांतली पावणेदोनशेच्या वर गावे आणि दीड लाखाच्या वर ग्राहक या एका संस्थेखाली आले. राज्यात असा हा एकच मोठा प्रयोग.

पुढे काय झाले? संस्थेचा परवाना ३१ जानेवारी २०११ ला संपला. वीज नियामक आयोगाने तो भाग महावितरणला दिला आणि १ फेब्रुवारीपासून तिथली वीज महावितरणची झाली. तोवर संस्थेकडे महावितरणची थकबाकी दोन हजार कोटींच्या वर गेली होती. तारा-खांब संस्थेचे आणि वीज दुसऱ्याची, मग भाडे किती, हा तंटा पुढे आयोगापर्यंत आणि न्यायाधिकरणापर्यंत गेला. चाळीस वर्षांच्या संस्थेचे असे झाले.

कुणी म्हणेल पुढाऱ्यांनी बुडवली. कुणी म्हणेल सरकारने बुडवली. मी हिशोब मांडतो, निकाल तुम्ही द्या.

कल्पना आली कुठून?

अमेरिकेत १९३५ साली दहा शेतघरांपैकी जेमतेम एका घरात वीज होती. शहरात लखलखाट आणि शेतावर कंदील. खाजगी कंपन्या म्हणायच्या, चार मैलांवर एक घर, तिथे तार ओढून आम्हाला परवडत नाही. रूझवेल्ट साहेबांच्या सरकारने १९३५ मध्ये ग्रामीण विद्युतीकरणाचे खाते काढले, १९३६ मध्ये कायदा केला आणि शेतकऱ्यांच्या संस्थांना कमी व्याजाने कर्ज दिले. शेतकऱ्याने पाच-पाच डॉलर भरून सभासद व्हायचे. वीस वर्षांत बहुतेक शेतांवर वीज पोचली. अशा नऊशेच्या आसपास संस्था तिथे आजही चालू आहेत.

त्यांच्या वार्षिक सभेची तऱ्हा ऐकण्यासारखी आहे. सभा म्हणजे तिथे गावजेवण असते. बायका-पोरांसकट लोक येतात. जेवण असते, सोडतीची बक्षिसे असतात, कुठे बिलात थोडी सूटही देतात. हा खर्च त्यांना का परवडतो? कारण सभेला ठराविक माणसे आली नाहीत तर सभाच होत नाही. एका सभासदाला एक मत, मग त्याची शंभर एकर असो की दोन एकर. संचालक तिथेच निवडतात. वर्षाला शिल्लक उरली तर ती ज्याने जितकी वीज वापरली त्या प्रमाणात त्याच्या नावावर जमा होते आणि काही वर्षांनी परत मिळते. संस्थेचे पत्रक घरोघर जाते. त्यात कोणत्या लाईनचे काम निघाले, कोणत्या गावात सभा, कुणाच्या पोराला शिष्यवृत्ती, असली बारीकसारीक खबर असते.

आपल्याला वाटेल, यात काय मोठे? मोठे हेच आहे की माणसाला संस्थेत आपले काही आहे असे वर्षातून दोन-चार वेळा तरी आठवते. आपल्याकडे सभासदाला संस्था आठवते ती फ्यूज गेल्यावर.

तीन भोके

आता मुळा-प्रवरेचा हिशोब. घागर तीन ठिकाणी गळत होती.

पहिले भोक भावाचे. मघाशी सांगितलेली गोष्ट आता काढा. वीज मंडळाकडे मुंबईची उपनगरे होती, ठाणे-पुण्याचे कारखाने होते, हे वाळूज होते. तिथून जास्तीचा दर घेऊन शेतीचा दर खाली ठेवणे मंडळाला जमत होते. संस्थेकडे बहुतेक ग्राहक म्हणजे मोटारपंप आणि घरगुती दिवे. वीज घ्यायची मंडळ ठरवेल त्या घाऊक दराने आणि विकायची शेतीच्या दराने. ज्या दुकानदाराला खरेदीचा भाव दुसरा सांगतो आणि विक्रीचाही दुसराच सांगतो, त्याचे दुकान किती दिवस चालेल? कापूस पिकवणाऱ्याला हे समजावून सांगायची गरज नाही. घाऊक दर काय असावा यावर संस्थेचे भांडण शेवटपर्यंत मिटले नाही.

दुसरे भोक मोजमापाचे. महाराष्ट्रात १९७७ पासून शेतीपंपाला अश्वशक्तीवर बिल सुरू झाले. मोटर किती एच.पी.ची ते बघायचे आणि वर्षाचा आकडा लावायचा. किती युनिट जळले ते कुणी मोजायचे नाही. जे मोजले जात नाही त्यात चोरीही खपते, गळतीही खपते आणि खोटी आकडेवारीही खपते. संस्थेची गळती मोठी होती हे आयोगापुढे आले. पण सरकारी मंडळही यात धुतल्या तांदळासारखे नाही. शेतीच्या नावावर दाखवलेली वीज खरोखर शेतात आली का, हा वाद महावितरणच्या बाबतीतही आयोगापुढे रंगला आहे.

तिसरे भोक सभेचे, आणि माझ्या मते सगळ्यात मोठे. आपल्याकडे सहकारी संस्थेची वार्षिक सभा कशी होते ते इथे बसलेल्या प्रत्येकाने पाहिले आहे. अहवाल वाचायचा, ‘मंजूर, मंजूर’ म्हणायचे, चहा प्यायचा, घरी जायचे. गणपूर्ती झाली नाही तर अर्ध्या तासाने त्याच जागी तीच सभा, तिला गणपूर्ती लागत नाही. नियमच तसा. थकबाकी दोन हजार कोटींवर एका रात्रीत जात नाही. दरवर्षीच्या अहवालात तो आकडा छापलेला असतो. त्या पानावर बोट ठेवून ‘हे कोण फेडणार?’ असे विचारणारे हजार सभासद दरवर्षी उभे राहिले असते, तर पहिले भोकही वेळेत दिसले असते आणि दुसरेही. ग्राहक दीड लाख होते. मालक म्हणून वागणारे किती होते, एवढाच प्रश्न आहे.

याचा अर्थ वीज सहकारच खोटा, असा नाही. बेळगाव जिल्ह्यातली हुक्केरीची संस्था आजही चालू आहे. तेलंगणात सिरसिल्लाची संस्था चालू आहे, तिथे संचालकांच्या निवडणुका जिद्दीने लढल्या जातात. तिथेही राजकारण आहे, तिथेही रुसवे आहेत. पण संस्था जिवंत आहे.

आणि सहकार नको म्हणून खाजगी आणावे, तर तोही प्रयोग आपल्या शहराने पाहिला. औरंगाबाद शहराची वीज २०११ साली जी.टी.एल. कंपनीकडे दिली, २०१४ साली ती पुन्हा महावितरणकडे आली.

फुकटाचा मालक कोण?

आता आजचे बघू. एप्रिल २०२४ पासून पाच वर्षांसाठी साडेसात एच.पी.पर्यंतच्या शेतीपंपाचे बिल राज्य सरकार भरते. हातात शून्याचे बिल येते. बरे वाटते. पण विचार करा, ज्या दुकानात पैसे देणारा दुसराच आहे, तिथे दुकानदार कुणाचे ऐकणार? डी.पी. जळाला तर आपण कोणत्या तोंडाने बोलायचे, असे आपल्यालाच वाटू लागते. तसे वाटून घेऊ नका. सरकार जे भरते ते तुमच्या जोडणीच्या नावाने भरते. ग्राहक तुम्हीच आहात.

सौर पंपाचेही तसेच. सर्वसाधारण शेतकऱ्याने दहा टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने पाच टक्के, आणि पाच वर्षे दुरुस्ती कंपनीने करायची. मराठवाड्यात हे पंप मोठ्या संख्येने बसले आहेत. दिवसा पाणी देता येते, रात्री साप-विंचवाची भीती नाही, हा मोठा फायदा आहे. पण सहाव्या वर्षी कंट्रोलर गेला तर? एकटा शेतकरी काय करणार? गुजरातेत खेडा जिल्ह्यातल्या धुंडी गावात २०१६ साली सौर पंपवाल्या शेतकऱ्यांनी सहकारी संस्था केली आणि उरलेली वीज कंपनीला विकायला सुरुवात केली. सुरुवातीला शेतकरी होते फक्त सहा. सहा जणांची संस्था होऊ शकते, मग आपल्या एका डी.पी.वर तर दहा-पंधरा जण असतात.

कायदाही आड येत नाही. २००३ च्या वीज कायद्याच्या पाचव्या कलमातच म्हटले आहे की ग्रामीण भागात घाऊक वीज घेणे आणि वाटपाची व्यवस्था पंचायती, वापरकर्त्यांच्या संघटना, सहकारी संस्था यांच्यामार्फत करता येईल. दार उघडे आहे. पण मोठ्या संस्थेचे नाव काढण्याआधी लहान सभा भरवता येते का ते बघू.

काय करायचे?

माझे म्हणणे एवढेच. रब्बीच्या आधी प्रत्येक डी.पी.वरच्या शेतकऱ्यांनी एक सभा घ्यावी. मांडव नको, हार नको. डी.पी.शेजारच्या बांधावर बसावे. घरातली बाई मोटर चालू करते, तर तिनेही यावे.

पहिले काम, वही करा. कुणाची मोटर किती एच.पी.ची, जोडणी कुणाच्या नावावर, ते लिहा. पाच एच.पी.ची मोटर चालताना साधारण पाच-सहा के.व्ही.ए. भार घेते. म्हणजे ६३ के.व्ही.ए.चा डी.पी. दहा-बारा मोटारींचा. त्यावर वीस चालत असतील तर तो जळणारच. वही हातात असेल तर वाढीव डी.पी. मागता येतो. नाहीतर साहेब म्हणेल, तुमचे आकडे काढा आधी.

दुसरे काम, ऑटो स्विच काढा आणि कपॅसिटर बसवा. लाईन आली की सगळ्या मोटारी एकदम उठतात. उठताना मोटर नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते, तो झटका डी.पी.ला बसतो. पाळी ठरवा. आधी चार, मग चार. याला कुणाची परवानगी लागत नाही.

तिसरे काम, तारखा लिहा. डी.पी. कधी गेला, तक्रार कधी दिली, नवा कधी बसला. ग्रामीण भागात नादुरुस्त डी.पी. ४८ तासांत बदलावा असे आयोगाचे मानक आहे आणि उशीर झाला तर भरपाईची तरतूद आहे. पण तोंडी तक्रारीला तारीख नसते. लेखी द्या, पोच घ्या. दाद मिळाली नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे, त्याच्यावर विद्युत लोकपाल आहे. आणि थकबाकीसाठी जोडणी तोडायची असेल तर त्या ग्राहकाला पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते, हे कायद्याच्या ५६ व्या कलमात आहे. तेही वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

आपल्या कोरडवाहू माणसाला बारमाही पाणी नाही. विहिरीत असते ते दोन पाण्यांपुरते. कपाशीची बोंडे भरताना एक पाणी, ज्वारी पोटरीत असताना एक पाणी. त्या वेळी डी.पी. बारा दिवस बंद राहिला तर नंतर आलेल्या फुकट विजेचे काय करायचे? कडबा सुद्धा होत नाही.

मुळा-प्रवरेला तारा होत्या, खांब होते, इमारत होती. कमी पडली ती बांधावर बसून हिशोब विचारणारी माणसे. आपल्याकडे तारा नाहीत, इमारत नाही, पण माणसे आहेत. या बैठकीला आलेल्या प्रत्येकाने गावी गेल्यावर आपल्या डी.पी.ची एक सभा घ्यावी आणि पुढच्या बैठकीला येताना वही बरोबर आणावी. पुढच्या वेळी भाषण होणार नाही. वह्या वाचायच्या आहेत.