गौरी गाडगीळ: स्वतःचीच भूमिका

डाऊन सिंड्रोम म्हणजे पेशींत एकविसाव्या गुणसूत्राची एक प्रत जास्त असणं. शिकण्याचा वेग त्यामुळे मंदावतो, पण शिकणं थांबत नाही. डाऊन सिंड्रोम असलेली पुण्याची जलतरणपटू गौरी गाडगीळ हिच्या आयुष्यावर महेश लिमये यांनी ‘यलो’ हा मराठी चित्रपट केला, तो २०१४ साली प्रदर्शित झाला. त्यात मोठ्या गौरीची भूमिका खुद्द गौरीनंच केली, लहानपणीची संजना राय हिनं. ६१व्या राष्ट्रीय पुरस्कारांत दोघींची खास दखल घेतली गेली. यावर कुणी म्हणेल, स्वतःलाच साकारण्यात अभिनय कसला? पण चित्रीकरण सलग होत नाही. शेवटचा प्रसंग आधी, पहिला नंतर. प्रकाश बदलला की तेच वाक्य, तोच हुंदका पुन्हा. शिवाय पडद्यावरची आई होती मृणाल कुलकर्णी, प्रशिक्षक उपेंद्र लिमये. त्यांना खरं मानून वागणं हाच तर अभिनय! डाऊन सिंड्रोम असलेले अभिनेते पास्काल दुकेन यांनी तर १९९६ सालीच कान महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा मान विभागून मिळवला होता.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: पुण्यात तलाव, प्रशिक्षक, सिनेमावाले सगळे हाताशी, जालना जिल्ह्यातल्या परतूरच्या लेकरानं काय करावं? अंतर खरंच आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. मात्र अभिनयाला तलाव लागत नाही. परतूरच्या शाळेतही स्नेहसंमेलन होतंच. तिथं डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलाला टाळ्या वाजवायला पहिल्या रांगेत बसवण्याऐवजी चार वाक्यांची भूमिका द्यावी, आणि तालमी महिनाभर आधी सुरू कराव्यात.